अग्निबाणाच्या शीतकाची परीक्षा : तापलेल्या नळीची साक्ष कितपत ग्राह्य?

द्रव इंधनावर चालणाऱ्या अग्निबाणाच्या ज्वलनकक्षातील वायूंचे तापमान सामान्यतः 3,000 ते 3,500 अंश सेल्सिअस असते. तांबे 1,085 अंशांवर वितळते. पोलाद 1,400 ते 1,500 अंशांच्या दरम्यान. ज्या भिंतींनी हे वायू कोंडून धरावयाचे त्या भिंती केवळ स्वतःच्या बळावर काही सेकंदांपलीकडे टिकावयाच्या नाहीत, हे उघड आहे. त्या टिकतात याचे कारण त्यांच्या पाठीमागून सतत वाहणारा एक द्रव, म्हणजेच शीतक होय. प्रस्तुत लेखाचा विषय हा शीतक नसून त्याची परीक्षा कशी घेतात हा आहे. विशेषतः या परीक्षेतून मिळणारे उत्तर कोणत्या मर्यादेपर्यंत खरे मानावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मोटारीच्या इंजिनात शीतक म्हणून पाणी घालावयाचे की आणखी काही, हे आपण स्वतंत्रपणे ठरवू शकतो. अग्निबाणात ही मोकळीक जवळजवळ नाही. केवळ थंड करण्याकरिता वेगळा द्रव वाहून नेणे वजनाच्या दृष्टीने परवडत नाही. म्हणून जे इंधन (किंवा क्वचित जो ऑक्सिडीकारक) पुढे जाळावयाचा, तोच आधी भिंतीतील वाटांमधून फिरवून घेतात आणि मग कक्षात सोडतात. भिंतीने गमावलेली उष्णता इंधनाबरोबर कक्षात परत येते, म्हणून या पद्धतीस पुनर्जनक शीतन असे नाव आहे. शीतकाची निवड अशा रीतीने रसायनज्ञाने ज्वलनाच्या दृष्टीने आधीच करून ठेवलेली असते. परीक्षकापुढे प्रश्न उरतो तो एवढाच, की हा द्रव किती उष्णता सोसेल आणि सोसवेनासे झाले म्हणजे कोणत्या प्रकारे दगा देईल. प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे.

पेनम्युंडे येथे वॉल्टर थील यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या आणि ऑक्टोबर 1942 मध्ये प्रथम यशस्वी उड्डाण केलेल्या जर्मन व्ही-2 अग्निबाणात सुमारे 75 टक्के अल्कोहॉल आणि 25 टक्के पाणी यांचे मिश्रण इंधन म्हणून वापरले होते. पाण्यामुळे ज्वाळेचे तापमान खाली आले आणि भिंतीवरचा ताण हलका झाला. तेवढ्यानेही भागेना, म्हणून भिंतीच्या आतील अंगास बारीक छिद्रांच्या रांगा पाडून काही अल्कोहॉल पृष्ठभागावरून झिरपत ठेवावे लागले. यास पटल-शीतन म्हणतात. इंधनाची कार्यक्षमता मुद्दाम कमी करून भिंत वाचविण्याचा हा मार्ग होता आणि त्या काळी तो शहाणपणाचा होता. पुढे दाब वाढले, ज्वाळा अधिक तप्त झाल्या, तसतशी ही सवलत महाग पडू लागली आणि शीतकाची मर्यादा नेमकी कोठे आहे हे मोजण्याची गरज निर्माण झाली.

भिंतीच्या एकक क्षेत्रफळातून एकक काळात जी उष्णता जाते तिला आपण येथे उष्णताभार म्हणू. कक्षातून वायू ज्या मार्गाने बाहेर पडतात तो प्रोथ आणि त्याचा सर्वांत अरुंद भाग म्हणजे कंठ. उष्णताभार कंठाच्या परिसरात सर्वाधिक असतो. कक्षातील दाबाबरोबर तो जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे बार्ट्झ यांनी 1957 मध्ये दिलेले, आजही प्राथमिक आखणीसाठी वापरले जाणारे सूत्र तो दाबाच्या 0.8 घाताच्या प्रमाणात धरते. अमेरिकी अवकाशयानाच्या मुख्य इंजिनात कंठाशी हा भार दर चौरस मीटरला सुमारे 160 मेगॅवॉटपर्यंत पोहोचत असे. तुलनेसाठी ध्यानात ठेवावे, की साध्या वातावरणी दाबाखाली उघड्या भांड्यातील उकळते पाणी दर चौरस मीटरला एक मेगॅवॉटच्या थोड्या पलीकडे गेले की धातूशी संपर्क राखू शकत नाही.

हा संपर्क सुटणे म्हणजे काय, हे सेंडाई येथील शिरो नुकियामा यांनी 1934 मध्ये एका तारेच्या साहाय्याने दाखविले. पाण्यात बुडविलेल्या तारेतून वीज सोडून त्यांनी तारेचे तापमान आणि उष्णताभार यांचा संबंध मोजला. प्रथम पृष्ठभागावर सुटे बुडबुडे येतात. हे बुडबुडे द्रव ढवळतात आणि उष्णता फार वेगाने वाहून नेतात. तारेचे तापमान फारसे वाढत नाही. पण एका मर्यादेनंतर बुडबुडे एकमेकांस मिळून वाफेचे सलग आवरण तयार होते. वाफ उष्णतेची वाईट वाहक असल्याने तारेचे तापमान एकदम शेकडो अंशांनी उसळते. कमी तापमानास वितळणारी तार येथेच जळून जाते, प्लॅटिनमची तार टिकते. अग्निबाणाच्या भिंतीची गत पहिल्या तारेसारखी समजावी. बुडबुड्यांची अवस्था ही शीतनाची सर्वांत सुखाची अवस्था, पण तिच्या लगतच नाशाची अवस्था आहे आणि मधल्या वाटेवर कसलीही पूर्वसूचना मिळत नाही.

आता परीक्षेच्या साधनाकडे वळू. प्रत्यक्ष इंजिन पेटवून प्रत्येक शीतक तपासणे खर्चाचे आणि धोक्याचे असते, आणि इंजिन फुटलेच तर नेमके काय चुकले हे अवशेषांवरून सांगणे कठीण जाते. म्हणून गेली सात दशके प्रयोगशाळांतून एक साधी युक्ती वापरली जात आहे. एका पातळ भिंतीच्या धातूच्या नळीतून शीतक वेगाने वाहू द्यावयाचा आणि नळीच्या दोन टोकांस जाड तांब्याच्या पट्ट्या जोडून नळीच्या धातूमधूनच प्रचंड वीजप्रवाह सोडावयाचा. नळी स्वतःच्याच विद्युत् रोधामुळे तापते. वीजशक्ती मोजली की उष्णताभार कळतो. नळीच्या बाहेरील अंगास तपयुग्मे डागून जोडलेली असतात. त्यांवरून बाहेरील तापमान कळते आणि त्यातून हिशेबाने आतील पृष्ठभागाचे तापमान काढावयाचे असते.

हा हिशेब नाममात्र नव्हे. समजा, नळीचा आतील व्यास 3 मिलिमीटर, भिंतीची जाडी अर्धा मिलिमीटर आणि तापणारी लांबी 15 सेंटिमीटर आहे. नळी अगंज पोलादाची आहे आणि उष्णताभार दर चौरस मीटरला 10 मेगॅवॉट ठेवावयाचा आहे. नळीस सुमारे 14 किलोवॉट शक्ती द्यावी लागेल. तप्त पोलादाच्या रोधाचा विचार करता ती सुमारे 720 अँपिअर आणि 20 व्होल्ट अशी पडेल. बाहेरील आणि आतील पृष्ठभागांच्या तापमानांत केवळ धातूमुळेच सुमारे 125 अंशांचे अंतर राहील. हे अंतर वजा करण्यास विसरणारा विद्यार्थी शीतकावर नसता आळ घेईल. नळीतून रॉकेलच्या जातीचा द्रव सेकंदास 30 मीटर वेगाने वाहत असेल तर संबंध नळीतून जाताना त्याचे सरासरी तापमान फक्त 40 अंशांनी वाढते. परंतु भिंतीचा आतील पृष्ठभाग द्रवाच्या सरासरी तापमानाहून सुमारे 400 अंश अधिक तप्त असतो. द्रव थंडच आहे, त्याचा भिंतीलगतचा अतिशय पातळ थर मात्र भाजून निघत आहे, ही स्थिती मनात पक्की धरली म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल.

येथे रॉकेलचा उल्लेख सहज आला नाही. अल्कोहॉलनंतर मोठ्या अग्निबाणांत जे इंधन रूढ झाले ते रॉकेलचेच एक शुद्ध रूप होय. पंपाने पुरवठा होणाऱ्या इंजिनांत शीतकाचा दाब इतका असतो, की रॉकेलच्या क्रांतिक दाबाची (सुमारे 22 ते 24 वातावरण) मर्यादा सहज ओलांडली जाते. क्रांतिक दाबापलीकडे द्रव आणि वाफ असा भेदच उरत नाही. त्यामुळे नुकियामांच्या तारेवरील संकट येथे त्या स्वरूपात उद्भवत नाही. यावरून अभियंत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल तर तो अकाली ठरला. हाइन्स आणि वुल्फ यांनी 1962 मध्ये दाखविले, की अशा दाबाखालीही हायड्रोकार्बन द्रवात तीव्र दाब-आंदोलने उठू शकतात आणि पातळ नळ्यांना त्यांपासून धोका असतो. यापेक्षाही चिवट अडचण रासायनिक होती. भिंतीलगतच्या भाजलेल्या थरात रॉकेलमधील काही घटक परस्परांस जोडले जाऊन डिंकासारखे होतात आणि पुढे कोळशाच्या लेपात रूपांतर पावतात.

लेप किती अनर्थ करतो, याचा अंदाज घेऊ. त्याची जाडी मिलिमीटरचा शंभरावा भाग आहे आणि उष्णतावाहकता दर मीटर-अंशास अर्धा वॉट आहे असे गृहीत धरले, तर वरील 10 मेगॅवॉटच्या भाराखाली त्या लेपामुळे भिंतीचे तापमान 200 अंशांनी चढेल. हा लेप बोटाला जाणवणारही नाही. विमानांसाठी केलेली साधी जेट-इंधने या कारणास्तव गैरसोयीची ठरली आणि अमेरिकेत 1957 मध्ये अग्निबाणासाठी आरपी-1 या इंधनाचे वेगळे प्रमाण ठरविण्यात आले. त्यात ओलेफिने 1 टक्का आणि ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने 5 टक्के अशी कमाल मर्यादा घातली गेली, कारण लेप तयार करण्यात या दोन वर्गांचा पुढाकार असतो. येथपर्यंत तापलेल्या नळीने आपले काम चोख बजावले असे म्हणावयास हरकत नाही.

यानंतरची हकीकत मात्र वेगळी आहे. सॅटर्न-1 आणि सॅटर्न-1बी या अग्निबाणांच्या पहिल्या टप्प्यात एच-1 नावाची आठ इंजिने असत. प्रत्येक इंजिनाचा कक्ष 292 बारीक नळ्या एकमेकींस जोडून बांधलेला असे आणि नळ्यांमधून आरपी-1 फिरे. प्रारंभी या नळ्या निकेल-मिश्रधातूच्या होत्या. इंजिनाचा रेटा 1,65,000 पौंडांवरून 1,88,000 पौंडांवर नेला तेव्हा नळ्यांना लांबीच्या दिशेने चिरा पडू लागल्या. तपासाअंती दोषी ठरले ते इंधनातील अल्पसे गंधक. वाढलेल्या तापमानास गंधकाची निकेलशी क्रिया होऊन धातू ठिसूळ होत होता. नळ्या अगंज पोलादाच्या केल्यावर प्रश्न मिटला. येथे इंधन बदलले नव्हते, धातूही बदलला नव्हता. तापमान तेवढे काही अंशांनी चढले होते. रेटा सुमारे चौदा टक्क्यांनी वाढविताना एवढ्याशा गंधकाची आठवण कोणास होणार?

गंधकाने दुसऱ्यांदा डोके वर काढले ते तांब्याच्या निमित्ताने. दाब वाढत गेले तसे पोलादी नळ्यांनी भागेना, कारण पोलाद उष्णता सावकाश वाहून नेते. कक्षाचे अस्तर तांब्याच्या मिश्रधातूचे करून त्यात वाटा कोरण्याची पद्धत रूढ झाली. तेव्हा रॉकेलसंबंधी पूर्वी जमविलेली माहिती तांब्याच्या भिंतीस लागू पडते काय, हा प्रश्न उभा राहिला. त्या माहितीचा मोठा भाग पोलादी आणि तत्सम नळ्यांवर मिळविलेला होता. याचे कारण केवळ सवय नव्हे, ते उपकरणातच दडलेले आहे. वरचेच उदाहरण घेऊन पोलादाऐवजी तांब्याची नळी बसवा. तांब्याचा रोध तप्त पोलादाच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्याइतका. तेवढीच 14 किलोवॉट शक्ती द्यावयाची तर प्रवाह साडेतीन हजार अँपिअरच्या पुढे न्यावा लागतो आणि व्होल्टता चारच्या आसपास उतरते. अशा वेळी टोकांच्या जोडांत होणारी हानी, तेथील तापणे आणि मोजमापातील चूक यांचे प्रमाण फार वाढते. शिवाय तप्त तांबे मऊ असते. आतल्या दाबाने पातळ नळी फुगते. ज्या धातूची नळी विजेने सहज तापते तीच प्रयोगशाळेत वापरली गेली, आणि ज्या धातूचे इंजिन बांधावयाचे होते तो धातू नेमका त्याच गुणामुळे प्रयोगाबाहेर राहिला.

यावर तोड म्हणून 1980 च्या दशकात एरोजेट कंपनीच्या संशोधकांनी नासासाठी केलेल्या प्रयोगांत नळीतून वीज सोडणे टाळले. तांब्याचा एक मोठा ठोकळा विजेच्या कांड्यांनी तापवून त्यातील उष्णता वहनाने एका लहान नमुन्याकडे एकवटावयाची, आणि त्या नमुन्यात इंजिनाप्रमाणेच वाट कोरून तिच्यातून इंधन सोडावयाचे, अशी ती रचना होती. आढळले ते असे : हायड्रोकार्बने स्वतः तांब्याच्या वाटेस फारशी जात नाहीत, पण त्यांत मिसळलेले अत्यल्प गंधक जाते. तांब्याचे सल्फाइड तयार होते, पृष्ठभाग खडबडीत होतो, वाट अरुंद होते आणि प्रवाहास होणारा अडथळा वाढतो. यानंतर इंधनाच्या शुद्धतेकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. आज आरपी-1 मध्ये गंधकाची कमाल मर्यादा दर किलोग्रॅमला 30 मिलिग्रॅम आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात प्रमाणित झालेल्या आरपी-2 या इंधनात ती दर किलोग्रॅमला 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे तीनशेव्या हिश्श्यावर आणलेली आहे. बाकी बहुतेक बाबतींत ही दोन इंधने सारखीच आहेत.

पोलादी नळी खोटे बोलत होती काय? माझ्या मते नाही. तिला जो प्रश्न विचारला गेला त्याचे उत्तर तिने बरोबर दिले. चूक झाली ती शीतकाची परीक्षा ही द्रवाची परीक्षा आहे असे समजण्यात. प्रत्यक्षात परीक्षा होते ती द्रव आणि भिंत या जोडीची. लेप भिंतीवर बसतो, गंज भिंतीस चढतो, आणि काही धातू तर या क्रियांना चेतना देतात. उष्णता-संक्रमणाच्या पाठ्यपुस्तकांतील सूत्रांत भिंतीच्या धातूचे नावही नसते. तेव्हा ही समजूत रुजली यात नवल नाही.

नळी आणि इंजिन यांत आणखीही भेद आहेत. नळी चोहोबाजूंनी तापते, तर इंजिनातील वाट एकाच, म्हणजे वायूकडील बाजूने. त्यामुळे वाटेच्या तळाशी असलेले तापमान नळीच्या सरासरीवरून कळत नाही. वाट कंठाशी वळते तेव्हा द्रव एका बाजूस फेकला जातो आणि तेथे शीतन सुधारते. सरळ नळीस हा लाभ नाही. उलट एका बाबतीत नळी इंजिनाहून कठोर आहे. विजेने दिलेला उष्णताभार भिंत कितीही तापली तरी कमी होत नाही. इंजिनात भिंत तापली की वायू आणि भिंत यांच्या तापमानांतील अंतर घटते आणि भार किंचित उतरतो. 3,300 अंशांच्या वायूसमोर 500 अंशांची भिंत 200 अंशांनी अधिक तापली तर भार सुमारे सात टक्क्यांनी घटेल. सात टक्क्यांनी इंजिन वाचते असे नाही. परंतु नळी जळाली म्हणून इंजिनही त्याच भाराला जळेलच, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. राहता राहिला काळाचा प्रश्न. पूर्वी इंजिन दोन-तीन मिनिटे चालून समुद्रात पडे. आज तीच इंजिने परत आणून पुनःपुन्हा उडविली जातात. तेव्हा काही मिनिटांच्या प्रयोगात न दिसणारा लेप दहाव्या उड्डाणात दिसू शकतो.

इतर शीतकांविषयी थोडक्यात. द्रव हायड्रोजन हा शीतक म्हणून उत्तम. त्याची विशिष्ट उष्णता पाण्याच्या तिपटीहून अधिक, क्रांतिक दाब केवळ 13 वातावरण आणि कोळशाची भीती नाही. मात्र क्रांतिक बिंदूच्या परिसरात त्याची घनता आणि श्यानता इतक्या झपाट्याने बदलतात, की नेहमीची सूत्रे तेथे अपुरी पडतात. नासाच्या लुइस केंद्रातील हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 मध्ये तापलेल्या नळीवरच याची मोजमापे प्रसिद्ध केली. हायड्रॅझिनाचे वेगळेच आहे : ते फार तापले तर हवेशिवायही विघटन पावून स्फोट करू शकते. टायटन-2 मध्ये ते निम्मे आणि असममित डायमिथिल हायड्रॅझिन निम्मे असे मिश्रण वापरले गेले, आणि शीतकाचे कामही तेच मिश्रण करी. ब्रिटिश ब्लॅक ॲरो अग्निबाणाच्या इंजिनात तर तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड हा ऑक्सिडीकारकच भिंतीतून फिरविला जाई. मिथेन कोळसा फार कमी धरतो. परंतु त्याच्यातही गंधक असता कामा नये, हे वर आलेच आहे.

आपल्या देशातही हा विषय आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. 5 जून 2017 रोजी जीएसएलव्ही मार्क-3 बरोबर प्रथम उडालेले सीई-20 हे इंजिन हायड्रोजननेच थंड होते. रॉकेलवर चालणाऱ्या अर्ध-अतिशीत इंजिनाच्या यंत्रणेची पहिली मोठी तप्त चाचणी 28 मार्च 2025 रोजी महेंद्रगिरी येथे अडीच सेकंद झाली. त्या चाचणीत ज्वलनकक्ष समाविष्ट नव्हता. शुद्ध रॉकेल आणि तांब्याचे अस्तर यांच्या संबंधाविषयी वर जे लिहिले आहे ते, म्हणूनच, येथील विद्यार्थ्यांनी दूरचे समजू नये.

अशा प्रयोगास फार मोठी सामग्री लागते असे नाही. हजार अँपिअरचा एकदिश पुरवठा, एक उच्चदाब पंप, काही तपयुग्मे आणि प्रयोगकर्त्यामध्ये व नळीमध्ये एक भक्कम भिंत, एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. प्रथम पाणी वापरून यंत्रणा तपासावी, कारण पाण्याची मोजमापे विपुल उपलब्ध आहेत आणि चूक लगेच ध्यानात येते. रॉकेल नंतर. प्रयोग संपल्यावर नळी फेकून देऊ नये. तिचे लहान लहान तुकडे करून ते ऑक्सिजनच्या प्रवाहात तापवावेत आणि निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजावा. प्रत्येक तुकड्यावर किती कोळसा बसला होता हे त्यावरून कळते. सोबत त्याच इंधनात तेवढाच काळ ठेवलेली तांब्याची एक पट्टीही सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. नोंदवहीत इंधनाचे नाव पुरेसे नाही. त्याची खेप, त्यातील गंधकाचे प्रमाण, नळीचा धातू आणि तिच्या आतील पृष्ठभागाची घासाई, एवढ्या गोष्टी तापमानाच्या रकान्याआधी लिहिलेल्या असाव्यात.